स्वमग्न मूल आणि पालक : आकलन व आधार

प्रस्तावना

मूल दोन-अडीच वर्षांचे होते. परंतु हाक मारली असता वळून पाहत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, खेळण्यातील मोटार चालविण्याऐवजी तिचे चाक तासन्‌तास फिरवीत बसते. घरातील वडीलधारी मंडळी धीर देतात, ‘याचे वडीलही उशिराच बोलू लागले होते.’ शेजारी म्हणतात, ‘आई नोकरी करते ना, म्हणून.’ आईच्या मनात मात्र शंका घर करून राहते. पुढे केव्हातरी तज्ज्ञांकडून ‘स्वमग्नता’ हा शब्द कानी पडतो, तोवर एखाद-दोन वर्षे निघून गेलेली असतात. निदान झाल्यावरही ‘हे का झाले?’ आणि ‘आता मी काय करू?’ हे दोन प्रश्न पालकांची पाठ सोडत नाहीत. प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा, आजवरच्या संशोधनाच्या आणि आपल्याकडील परिस्थितीच्या आधारे, विचार केला आहे.

स्वमग्नता : संकल्पना व स्वरूप

स्वमग्नता अर्थात ऑटिझम ही मेंदूच्या विकासाची जन्मजात भिन्नता होय. तो संसर्गजन्य आजार नाही, मनोरुग्णता नाही, आणि मतिमंदत्वाचा पर्यायी शब्दही नाही. अमेरिकेतील बालमानसतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ बालकांच्या निरीक्षणांवरून तिचे पहिले सविस्तर वर्णन केले. १९४४ मध्ये व्हिएन्ना येथे हान्स ॲस्पर्गर यांनी साधारणतः तशाच, परंतु भाषा चांगली असलेल्या मुलांचे वर्णन केले. १९७९ मध्ये लोर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांच्या अभ्यासानंतर तिच्याकडे वर्णपटाप्रमाणे पाहण्याची दृष्टी रूढ होत गेली. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत पूर्वीचे निरनिराळे प्रकार ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ या एकाच नावाखाली आणले गेले.

निदानासाठी दोन बाबी पाहिल्या जातात. पहिली, सामाजिक संवाद व देवाणघेवाणीतील अडचणी; दुसरी, वर्तन व आवडींमधील तोचतोपणा. आवाज, स्पर्श, प्रकाश, चव इत्यादी संवेदनांना मिळणारा अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसादही याच दुसऱ्या बाबीत येतो. एक स्वमग्न मूल अजिबात बोलत नाही, तर दुसरे रेल्वेचे वेळापत्रक तोंडपाठ म्हणते. तरीही दोघांच्या अडचणींचे मूळ एकच असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. मुलींमध्ये लक्षणे अनेकदा सौम्य वाटतात किंवा ‘लाजाळू स्वभाव’ म्हणून दुर्लक्षिली जातात. त्यामुळे त्यांचे निदान उशिरा होण्याचा संभव अधिक असतो.

‘दोष कोणाचा?’ : एका चुकीच्या उत्तराचा इतिहास

आईला दोष देण्याची प्रवृत्ती केवळ आपल्याकडचीच नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य देशांत आईवडिलांच्या, विशेषतः आईच्या, भावनिक थंडपणामुळे मूल स्वमग्न होते, असे मानले जात असे. ब्रुनो बेटेलहाइम यांच्या १९६७ मधील ग्रंथाने या मताला मोठी प्रसिद्धी दिली आणि असंख्य मातांना आयुष्यभर अपराधी भावनेचे ओझे वाहावे लागले.

हे मत खोडून काढण्यात पालकांचाच पुढाकार होता. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये स्वमग्नतेचे मूळ जैविक असल्याचे साधार प्रतिपादन केले. लोर्ना विंग याही एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या. १९६९ मध्ये खुद्द कॅनर यांनी पालकांच्या मेळाव्यात पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केले. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी २१ जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ११ समरूप जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती. १० असमरूप जोड्यांपैकी एकाही जोडीत तसे आढळले नाही. अनुवांशिकतेचा वाटा मोठा आहे, हे पुढील संशोधनाने वारंवार दाखवून दिले.

लसीविषयीची भीतीही अशीच निराधार ठरली आहे. १९९८ मध्ये अवघ्या १२ मुलांवर आधारलेल्या एका निबंधाने गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा स्वमग्नतेशी संबंध सूचित केला होता. तो निबंध २०१० मध्ये नियतकालिकाने मागे घेतला. डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही असा संबंध आढळला नाही. तात्पर्य, आईची नोकरी, विभक्त कुटुंब, लाड अथवा लस यांपैकी कशानेही मूल स्वमग्न होत नाही. हे केवळ सांत्वन नव्हे. ज्या घरात दोषारोप थांबतो, त्याच घरात मुलाकडे शांतपणे पाहण्यास सवड मिळते.

प्रारंभिक लक्षणे आणि वेळेचे महत्त्व

पुढील लक्षणांकडे पालकांनी विशेष लक्ष द्यावे :

(१) नावाने हाक मारली असता मूल सहसा प्रतिसाद देत नाही.
(२) वर्षभराचे होऊनही टाटा करणे, हात पुढे करणे यांसारखे हावभाव करीत नाही.
(३) दीड वर्षाचे होऊनही ‘ते बघ’ या अर्थाने बोट दाखवीत नाही. हवी ती वस्तू मिळविण्यासाठी मोठ्यांचा हात धरून तेथे नेते.
(४) सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द, अथवा दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्दांची जोडणी करीत नाही.
(५) येऊ लागलेले शब्द वा हावभाव नाहीसे होतात.

यांपैकी एखादे लक्षण दिसले म्हणजे मूल स्वमग्नच असे नव्हे. तथापि ‘थांबून पाहू’ असे म्हणणेही योग्य नव्हे. प्रथम श्रवणचाचणी करून घ्यावी व त्यानंतर विकासविषयक तज्ज्ञ बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसतज्ज्ञ यांचा सल्ला घ्यावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत (२०१३) जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. ग्रामीण भागातील पालकांनी अंगणवाडी अथवा प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत तेथे पोहोचावे. निदान निश्चित होण्याची वाट न पाहता भाषा व संवादाचे साहाय्य सुरू करता येते.

वर्तनामागील अर्थ

लग्नघरात बँड सुरू होताच मूल कानांवर हात ठेवून जमिनीवर लोळू लागते आणि पाहुणे ‘किती हट्टी!’ म्हणतात. वस्तुतः हट्ट आणि उद्रेक यांत फरक आहे. हट्ट करणारे मूल आपल्याकडे कोणी पाहते आहे की नाही, हे पाहत असते आणि हवे ते मिळताच शांत होते. संवेदनांचा भार असह्य झालेल्या मुलाला मात्र त्या क्षणी आमिष वा धाक यांपैकी काहीच उपयोगी पडत नाही. अशा वेळी बोलणे कमी करावे, मुलाला शांत ठिकाणी न्यावे आणि वेळ द्यावा. शिकवण देण्याची ती वेळ नव्हे.

पालकांनी महिनाभर एक छोटी वही ठेवावी. उद्रेकापूर्वी काय घडले, मुलाने काय केले आणि त्यानंतर काय झाले, या तीन गोष्टी त्यात टिपाव्यात. बहुधा काही सूत्र हाती लागते : कुकरची शिट्टी, सदऱ्याच्या मानेवरील टोचणारी पट्टी, शाळेचा नेहमीचा रस्ता बदलणे, भूक अथवा दातदुखी. कारण कळले की निम्मे काम होते. शिट्टीपूर्वी मुलाला सूचना देता येते, पट्टी कापता येते, दिवसाचा क्रम चित्रांच्या साहाय्याने भिंतीवर लावता येतो. हात फडफडविणे, डोलणे यांसारख्या हालचाली बहुधा स्वतःला शांत करण्यासाठी असतात. त्यांपासून इजा होत नसेल तर त्या बळाने थांबवू नयेत.

संवादाची पायरी : गोव्यातील एक प्रयोग

मुलाला बोलते करण्यासाठी पालक बहुधा प्रश्नांचा भडिमार करतात : ‘हे काय आहे? सांग. म्हण, चेंडू.’ याहून वेगळी दिशा एका महत्त्वाच्या प्रयोगाने दाखविली. ब्रिटनमध्ये विकसित झालेली पालक-माध्यमातील संवादपद्धती दक्षिण आशियासाठी अनुरूप करून २०१३ मध्ये गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे तपासण्यात आली. २ ते ९ वर्षे वयाच्या ६५ मुलांपैकी ३२ मुलांच्या पालकांना हे साहाय्य देण्यात आले; ३३ मुलांना नेहमीचीच सेवा मिळाली. विशेष म्हणजे मार्गदर्शन करणारे तज्ज्ञ नव्हते, तर प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते होते. पालक व मुलाच्या खेळाचे चित्रीकरण करावयाचे आणि नंतर पालकाने कार्यकर्त्यासह ते पाहावयाचे, अशी ही पद्धती होती. मुलाने केलेला लहानसा इशारा, जो घाईत निसटतो, तो पडद्यावर दिसू लागतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पालकांचे मुलाशी जुळवून घेणे वाढले आणि मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाणही वाढले. तथापि परस्पर लक्ष देण्याच्या कालावधीत अशी वाढ दिसली नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे. प्रयोग लहान होता. परंतु तज्ज्ञांची वानवा असलेल्या प्रदेशांसाठी त्याने एक वाट दाखविली.

यातील तत्त्व घरीही आचरता येते. मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे. ते ज्यात रमले आहे त्यातच सहभागी व्हावे. चाक फिरवीत असेल तर ‘चाक फिरलं’ एवढेच म्हणावे. प्रश्न कमी, वर्णन अधिक, वाक्ये लहान. नंतर थांबावे. मनातल्या मनात दहा अंक मोजावेत. त्या शांततेत मूल वळून पाहते, आवाज काढते किंवा हात पुढे करते. तो संवादच होय, आणि त्याला तत्काळ प्रतिसाद द्यावा. वाचा नसलेल्या मुलास चित्रकार्डे दिल्याने ते बोलण्याचा आळस करील, ही भीती अनाठायी आहे. अशा साधनांनी वाचेच्या विकासास अडथळा येत नाही, असेच अभ्यास सांगतात.

पुनरुक्ती व मातृभाषा

तहान लागलेले मूल ‘तुला पाणी हवंय का?’ असेच म्हणते. कारण पाणी मिळताना ते हेच वाक्य ऐकत आले आहे. दिवसभर आईच्या सहवासात असलेला मुलगा ‘मी जाते’ असेही म्हणू शकतो. ही निरर्थक पोपटपंची नसून भाषेकडे जाणारी पायरी आहे. अशा वेळी न रागावता मुलाच्या बाजूने योग्य वाक्य म्हणावे : ‘मला पाणी हवंय.’

अनेक पालकांना ‘घरी फक्त इंग्रजीच बोला’ असा सल्ला मिळतो. एकाहून अधिक भाषा कानी पडल्याने स्वमग्न मुलांच्या भाषाविकासास हानी होते, असे संशोधनातून दिसून आलेले नाही. उलट, ज्या आजीला इंग्रजी येत नाही तिच्याशी नातवाचा संवादच तुटतो. अंगाई, लाडाचे शब्द, रागाचे शब्द ज्या भाषेत सहज येतात, त्याच भाषेत मुलाशी बोलावे.

फसव्या उपचारांपासून सावधानता

स्वमग्नता ‘पूर्ण बरी’ करण्याचे आश्वासन देणाऱ्या जाहिरातींना पालक सहज बळी पडतात, कारण आशा सोडणे कोणालाच शक्य नसते. मूळपेशी उपचारांची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. शरीरातील धातू काढून टाकण्याच्या तथाकथित उपचारामुळे २००५ मध्ये अमेरिकेत एका पाच वर्षांच्या स्वमग्न मुलाचा मृत्यू झाला. कोणत्याही उपचारापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : याचा पुरावा काय? धोका कोणता? किती काळाने व कशावरून परिणाम ठरविणार? उत्तर टाळणाऱ्यापासून दूर राहणे हिताचे.

कायदेशीर तरतुदी

१९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो झाला आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तिला स्थान मिळाले. मूल्यमापनासाठी ४० बाबींची भारतीय मापनश्रेणी उपलब्ध आहे. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलास जवळच्या शाळेत, अथवा पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण मिळते. मूल १८ वर्षांचे झाल्यावर आवश्यकता असल्यास स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. प्रमाणपत्र घेतल्याने मुलावर शिक्का बसतो, असे अनेकांना वाटते. वस्तुतः शिक्का समाजाच्या नजरेत असतो. प्रमाणपत्र हे हक्काचे साधन आहे.

पालकांचा आधार

मुलाचा आधार असलेल्या पालकांनाही आधाराची गरज असते. बहुतेक घरांत हा भार एकट्या आईवर पडतो. वडिलांनी आठवड्यातील ठरावीक वेळ मुलासोबत एकट्याने घालवावा. त्यामुळे आईला विश्रांती मिळते आणि मूल दुसऱ्या व्यक्तीशी जुळवून घेण्यास शिकते. भावंडांना त्यांच्या वयानुरूप सत्य सांगावे, आणि त्यांच्या वाट्याचा वेळ राखून ठेवावा. इतर पालकांचा गट असल्यास त्यात जावे. ‘माझ्यानंतर याचे काय?’ हा प्रश्न तेथे न संकोचता विचारता येतो.

समारोप

स्वमग्न मूल आपल्या जगात यावे, अशी पालकांची अपेक्षा असते. वरील विवेचनावरून दिसते की, पहिले पाऊल मोठ्यांनी टाकावयाचे आहे : दोषारोप सोडून, वर्तनाचा अर्थ शोधून, आणि बोलण्याआधी थांबून. प्रगती मंद असेल, कधी मागेही सरेल. इतर मुलांशी तुलना न करता त्याच मुलाच्या सहा महिन्यांपूर्वीच्या नोंदींशी तुलना केली, तर ती दिसू लागते. शाळा, आरोग्य यंत्रणा आणि शेजारपाजार यांनी आपापला वाटा उचलला, तर घरातील त्या वहीचे ओझे एकट्या आईच्या हाती राहणार नाही.