जाड ऑइल, पातळ ऑइल आणि पिकअपचे इंजिन

इंजिन ऑइलच्या डब्यावरचे १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० किंवा ५डब्ल्यू-३० हे आकडे ऑइलचा दाटपणा सांगतात, आणि फक्त दाटपणाच सांगतात. ऑइल कसदार आहे का, किती किलोमीटर टिकेल, अमुक इंजिनाला चालेल का, यांची उत्तरे त्या आकड्यांत नसतात. तरीही भाजीपाला, दूध, सिमेंट किंवा विटा वाहणाऱ्या पिकअपसाठी ऑइल घेताना बहुतेक वेळा तेवढाच आकडा पाहिला जातो, आणि तोही ‘लोडची गाडी आहे, जाडच टाका’ या हिशेबाने. पिकअपच्या ऑइलबद्दलचे बरेचसे गैरसमज या एका वाक्यातून निघतात.

दाटपणाची ही वर्गवारी अमेरिकेतील ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेची आहे. तिची पहिली आवृत्ती १९११ सालची. आजची ‘जे३००’ या मानकात आहे. १५डब्ल्यू-४० म्हणजे १५ ते ४० अंश तापमानात चालणारे ऑइल, असे अनेकांना वाटते. डब्ल्यू म्हणजे ‘वेट’, वजन, असेही सांगितले जाते. दोन्ही खरे नाही. डब्ल्यू हे ‘विंटर’चे आद्याक्षर आहे. त्याच्या आधीचा आकडा गारठलेल्या इंजिनातील वागणुकीचा आणि नंतरचा तापलेल्या इंजिनातील. हे आकडे अंशही नाहीत आणि मोजमापही नाहीत; ती दाटपणाच्या पट्ट्यांची नावे आहेत. १५डब्ल्यू ऑइलाने उणे २० अंशांवर इंजिन फिरू दिले पाहिजे आणि उणे २५ अंशांवर पंपातून पुढे सरकले पाहिजे. ५डब्ल्यूसाठी याच दोन चाचण्या उणे ३० आणि उणे ३५ अंशांवर होतात. दुसरा आकडा १०० अंशांवर ठरतो. त्या तापमानाला दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स असेल तर ऑइल ‘३०’, १२.५ ते १६.३ असेल तर ‘४०’, आणि १६.३ ते २१.९ असेल तर ‘५०’. म्हणजे १२.४ सेंटिस्टोक्सचे ‘३०’ आणि १२.६ चे ‘४०’ यांत नावापुरताच फरक उरतो, तर दोन कंपन्यांच्या ‘४०’मध्ये मात्र बरेच अंतर असू शकते.

पंधराचे चाळीस होतात, म्हणजे ऑइल तापल्यावर जाड होत असणार, हाही समज याच आकड्यांतून आला आहे. तापल्यावर जाड होणारे इंजिन ऑइल नसते. उष्णतेने प्रत्येक ऑइल पातळच होते. मल्टिग्रेड, म्हणजे असे दोन आकडे असलेल्या, ऑइलात घातलेली पॉलिमरे त्या पातळ होण्याचा वेग कमी करतात, इतकेच.

महाराष्ट्रात बर्फ पडत नाही, तेव्हा डब्ल्यूच्या आकड्याला अर्थ काय, हा प्रश्न रास्त आहे. निफाडमध्ये थंडीत पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. तिथेही १५डब्ल्यू ऑइलावर गाडी सुरू व्हायला अडचण येत नाही. पण थंड इंजिन ही फक्त हिमालयातली गोष्ट आहे, असे समजणे चूक ठरेल. ऑइलाच्या लेखी ४० अंश म्हणजेसुद्धा थंडीच. नेहमीचे १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशांवर साधारण १०० ते ११० सेंटिस्टोक्स असते आणि १०० अंशांवर सुमारे १४, म्हणजे सातपट फरक. चंद्रपूरच्या भर उन्हाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीतले ऑइलही पहाटे चावी फिरवताना कामाच्या दाटपणापेक्षा कितीतरी घट्ट असते. पंपाला ते चेंबरमधून ओढून फिल्टर, क्रँकची बेअरिंगे, टर्बो आणि सर्वांत शेवटी वर हेडमधल्या कॅमशाफ्टपर्यंत पोहोचवायचे असते. तोवर हे भाग आदल्या दिवशीच्या उरलेल्या थरावर फिरतात. म्हणून दूध-भाजीच्या वेळा गाठण्यासाठी अंधारात गाडी काढून लगेच रेस करत निघणे इंजिनाला महागात पडते, आणि ऑइल शिफारशीपेक्षा जाड असले तर आणखी महागात.

आता मुख्य गैरसमज: जाड ऑइल म्हणजे जास्त संरक्षण. यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच तो टिकून आहे. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी असते. इंजिन फिरू लागले की त्या फटीत ऑइलचा दाबयुक्त थर तयार होतो आणि क्रँक त्या थरावर तरंगतो. धातू धातूला लागत नाही. लोड वाढला की हा थर काही मायक्रॉनपर्यंत, कधी त्याहूनही खाली, दबतो. ऑइल दाट तर थर जाड, इथपर्यंत गणित बरोबर आहे. पुढचे गणित मात्र गॅरेजच्या बोलण्यात येत नाही. बेअरिंगचे काम थर देऊन संपत नाही. तिथे निर्माण होणारी उष्णता वाहून नेणेही ऑइलकडेच असते, आणि त्यासाठी ते सतत वाहते राहावे लागते. घट्ट ऑइल अरुंद फटीतून कमी वाहते, आणि स्वतःच्या अंतर्गत घर्षणाने जास्त तापते. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि काही ऑइल बेअरिंगकडे न जाता मागे फिरते. मीटरवर ऑइलचा दाब चांगला दिसतो, पण दाब म्हणजे प्रवाह नव्हे. टर्बोची अवस्था अधिक नाजूक असते. लहान डिझेल इंजिनाच्या टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, आणि तिला ऑइल क्षणभरही उशिरा मिळून चालत नाही.

फट किती ठेवायची, पंप केवढा द्यायचा, ऑइलच्या वाटा किती रुंद ठेवायच्या, हे सारे एका ठरावीक दाटपणाला धरून आखलेले असते. पूर्ण भार आणि चढ हे या आखणीत आधीच हिशेबात घेतलेले असतात, कारण पिकअप हे मुळात मालवाहू वाहन आहे. ‘कंपनीने रिकाम्या गाडीसाठी आकडा दिला, लोडसाठी एक पायरी वर जावे’ ही समजूत म्हणूनच टिकत नाही. क्षमतेपेक्षा जास्त माल भरून कसारा किंवा आंबेनळी घाट चढवला, तर त्या अत्याचाराची भरपाई २०डब्ल्यू-५० करू शकत नाही.

उन्हाळ्यात जाड ऑइल घालण्याची चालही याच विचारातली. बाहेर २५ अंश असोत की ४५, इंजिनाचे तापमान थर्मोस्टॅट आणि रेडिएटर जवळपास ठरलेल्या पातळीवर ठेवतात, आणि चालत्या गाडीत ऑइल साधारण ९० ते ११० अंशांवर राहते. ऋतूप्रमाणे ऑइल बदलण्याची पद्धत सिंगल-ग्रेड ऑइलाच्या काळातली. तेव्हा ती योग्यही होती. अनेक मॅन्युअलांत आजही बाहेरील तापमान आणि ग्रेड यांचा तक्ता असतो. त्यात एकाहून अधिक ग्रेड दिले असतील, तर आपल्या भागासाठी दिलेला जाड ग्रेड निवडण्यात काहीही गैर नाही. तक्त्याबाहेर जाणे ही वेगळी गोष्ट आहे.

जाड ऑइलचा आग्रह धरणाऱ्यांचा एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यावा असा आहे: पातळ ऑइल कंपन्या इंजिनासाठी नव्हे, मायलेजच्या आकड्यासाठी सांगतात. यात खोटे फारसे नाही. पातळ ऑइलाने अंतर्गत घर्षण कमी होऊन इंधन वाचते, आणि अमेरिकेत पिकअपना ०डब्ल्यू-२० सारखी ऑइले मिळू लागली त्यामागे इंधन-बचतीच्या सरकारी नियमांचा मोठा वाटा आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटरच्या व्ही-८ इंजिनांच्या २०२१ ते २०२४ मॉडेलच्या पिकअप आणि एसयूव्ही परत बोलावल्या. एकट्या अमेरिकेत त्या सहा लाखांच्या आसपास होत्या. कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्ट यांच्या निर्मितीत दोष होते, आणि त्यामुळे इंजिन चालत्या गाडीत बंद पडू शकत होते. तपासणीत उत्तीर्ण झालेल्या इंजिनांत ०डब्ल्यू-२० ऐवजी ०डब्ल्यू-४० ऑइल भरायचे, सोबत ऑइल भरण्याच्या तोंडाचे नवे झाकण आणि मॅन्युअलसाठी सुधारित पान द्यायचे, असे ठरले.

हा प्रसंग जाड ऑइलच्या बाजूचा पुरावा म्हणून सांगितला जातो. तो तसा अर्धाच आहे. मूळ दोष सुट्या भागांचा होता. ऑइल पातळ होते म्हणून ते भाग बिघडले, असे कंपनीच्या कारणांत नाही. पातळ ऑइलात मात्र अशा चुकीला सामावून घेणारी जागा कमी उरते, आणि ती जागा वाढवण्यासाठी जाड ग्रेड दिला गेला, असा त्याचा सरळ अर्थ निघतो. आणि तो बदल निर्मात्याने त्या इंजिनाचा अभ्यास करून केला, तोही पहिला आकडा शून्यच ठेवून.

पातळ आणि दुबळे यांत फरक असतो, आणि तो दाखवणारी एक वेगळी चाचणी आहे. तिच्यात ऑइल १५० अंशांवर प्रचंड वेगाने कातरले जाते आणि तेव्हाचा दाटपणा मोजला जातो. घाटात पूर्ण लोडखाली बेअरिंगमध्ये जे घडते त्याच्या ही चाचणी बरीच जवळची. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘एचटीएचएस’ म्हणतात. ‘३०’ ग्रेडला तिथे किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद दाटपणा लागतो आणि १५डब्ल्यू-४० ला ३.७. पण युरोपीय वाहननिर्मात्यांच्या ‘एसीईए’ संस्थेच्या सी३ वर्गात बसायचे तर ५डब्ल्यू-३० ऑइलालाही किमान ३.५ गाठावे लागतात. सी२ वर्गात २.९ चालतात. दोन्ही डब्यांवर ठळक अक्षरांत ५डब्ल्यू-३० असेच लिहिलेले असते. भाराखालचा फरक मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांतल्या सी२ आणि सी३ मध्ये असतो. ती बारीक अक्षरे वाचायला हवीत.

भारतातल्या डिझेल पिकअपसाठी ती अक्षरे वाचणे १ एप्रिल २०२० पासून जवळजवळ सक्तीचे झाले आहे. त्या दिवशी वाहनांच्या धुराचे बीएस-६ मानक लागू झाले आणि डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली. बीएस-६ डिझेल पिकअपच्या सायलेन्सरच्या वाटेवर सहसा डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी, असते. अडलेली काजळी गाडी ठरावीक वेळाने जाळून टाकते. पण इंजिनात थोडेथोडे जळणाऱ्या ऑइलाची राख जळत नाही. ऑइलातील स्वच्छताकारक आणि झीजरोधक द्रव्यांमधले कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त यांची ती राख असते, आणि गाळणीत ती कायमची बसते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचे ऑइल लागते. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे एपीआयच्या, सीके-४ वर्गात राखेची मर्यादा एक टक्का आहे. एसीईए सी३ मध्ये ०.८ टक्के. एपीआयचाच सीआय-४ हा २००२ चा वर्ग आणि सीके-४ डिसेंबर २०१६ चा. जुन्या पिकअपमध्ये वर्षानुवर्षे उत्तम चाललेले सीआय-४ दर्जाचे १५डब्ल्यू-४०, किंवा घरी ट्रॅक्टरसाठी आणलेले २०डब्ल्यू-४०, नव्या बीएस-६ गाडीत ओतले तर इंजिन लगेच कुरकुरणार नाही. नुकसान हळूहळू गाळणीत साचत जाईल, आणि डीपीएफ बदलण्याचा खर्च ऑइलात वाचलेल्या पैशांच्या कित्येक पट असतो. आकडा जुळला आणि वर्ग चुकला, ही चूक आज जाड-पातळच्या वादापेक्षा अधिक घातक ठरते.

उलट दिशेची चूकही होते. एपीआयचा एफए-४ वर्ग सीके-४ च्याच दिवशी आला, म्हणून तो आणखी सुधारित मानला जातो. तो मुद्दाम पातळ ठेवलेला वर्ग आहे आणि निर्मात्याने नाव घेऊन सांगितले असेल तरच वापरायचा.

सिंथेटिक हा शब्दही ग्रेडचा भाग समजला जातो. तो मूळ तेल कसे तयार झाले हे सांगतो. दाटपणा सांगत नाही. सिंथेटिक १५डब्ल्यू-४० मिळते आणि सिंथेटिक ५डब्ल्यू-३० सुद्धा. उष्णतेत टिकण्याबाबत सिंथेटिक सरस असते, पण ‘सिंथेटिक आहे, कोणताही ग्रेड चालेल’ हे चूक आहे.

जुने इंजिन ऑइल खाऊ लागले की एक ग्रेड वर जाण्याचा सल्ला हमखास मिळतो. निळा धूर थोडा कमी होतो, वरून ऑइल भरावे लागते तेही कमी होते, हे खरे. मात्र झिजलेल्या पिस्टन रिंगा, कडक झालेली व्हॉल्व्हची सीले किंवा टर्बोची गळती यांपैकी काहीही त्याने दुरुस्त होत नाही. इंजिनाचे काम निघेपर्यंत, जुन्या मॅन्युअलच्या तक्त्यात बसत असेल तर, हा तात्पुरता उपाय म्हणून ठीक आहे. डीपीएफ असलेल्या गाडीत तेवढाही ठीक नाही, कारण तिथे जळालेल्या प्रत्येक थेंबाची राख मागे राहते.

ऑइल काळे पडले म्हणजे संपले, असेही समजले जाते. डिझेल इंजिनात नवे ऑइल काही शे किलोमीटरांत काळे होते, कारण काजळी धरून ठेवणे हेच त्याचे काम आहे. रंगावरून आयुष्य ठरत नाही. ऑइल मोजायची पट्टी काढून पाहायची ती पातळी कळण्यासाठी, आणि बीएस-६ पिकअपमध्ये केवळ कमी झालेलीच नव्हे, वाढलेली पातळीही पाहायची असते. गाळणीतली काजळी जाळण्यासाठी अनेक इंजिने सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडतात, आणि त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलात उतरते. गावातल्या गावात लहान खेपा करणाऱ्या, दर थांब्यावर बंद होणाऱ्या गाडीत ही जाळण्याची क्रिया वारंवार अर्धवट राहते आणि ऑइलात डिझेल साचत जाते. अशा वेळी डब्यावर ४० लिहिलेले ऑइल चेंबरमध्ये ३० च्या पट्टीत उतरलेले असू शकते. पातळी पट्टीच्या वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल, तर ठरलेले किलोमीटर भरले नसले तरी ऑइल आणि फिल्टर बदलावे लागतात.