मोटार मागून गाऊ लागली तर...

मराठी भाषेला आवाजांचे मोठे वेड. भांडे खणखणते, पाणी खळखळते, दार करकरते, जाते घरघरते आणि जुना गडी कुरकुरतो. व्याकरणात या शब्दांना एवढे महत्त्व कशाला, असे आमचे विद्यार्थी विचारतात. त्यांनी एकदा मोटारीच्या मिस्त्रीपुढे उभे राहून पाहावे. "साहेब, आवाज कसा येतो?" असे त्याने विचारले, की चांगले शिकलेले गृहस्थही "येतो जरा विचित्र" यापलीकडे जात नाहीत. मग ज्या दुखण्याला थोडे तेल पुरले असते, त्यासाठी गाडीचा अख्खा मागचा आस खाली उतरतो आणि महिन्याचा हिशेब कोलमडतो!

या आवाजांत सर्वांत फसवा तो मागून येणारा सूर. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करीत जळगावला निघावे. फागणे मागे पडते, गाडी वेग घेते आणि मागच्या बाकाखालून तंबोऱ्याच्या तारेसारखा एक लांबट सूर निघू लागतो. गाडी चालवणाऱ्या यजमानांच्या आधी तो मागे बसलेल्या आजीबाईंना ऐकू येतो. हा सूर पुष्कळदा 'डिफरन्शियल'चा असतो.

बैलगाडीची दोन्ही चाके आपापली फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर तोडावे लागते, आतल्याला कमी. त्यात कोणाचे कोणाला अडत नाही. मोटारीत मात्र चाकांना इंजिन फिरवते. दोन्ही चाके एकाच दांड्याला जखडली, तर वळणावर एक चाक फरपटत जाईल. ही अडचण डिफरन्शियल सोडवते. मागच्या आसाच्या मध्यभागी भोपळ्यासारखा फुगीर लोखंडी डबा दिसतो, त्यात ते असते. इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या टोकाला 'पिनियन' हे लहान दातेरी चाक, आणि त्याच्याशी काटकोनात जुळलेले मोठे 'क्राऊन'. क्राऊनच्या एका फेऱ्याला पिनियनचे साधारण चार फेरे होतात. दोघांच्या दातांत जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी फट असते. बेअरिंग झिजले, तेल आटले किंवा ओझे वाहून दात घासले, की ही जुळणी बिघडते आणि गाणे सुरू होते.

१९५७ ते २०१४ पर्यंत निघालेली अॅम्बेसेडर, जुनी फियाट आणि आजची बोलेरो या सर्वांचे डिफरन्शियल मागे. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० पासून पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारी वाढल्या. त्यांत ते पुढे गिअरबॉक्समध्येच बसवलेले असते, म्हणून सूरही पुढून येतो.

आता निदान. आवाज कसा येतो हे सांगाच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो केव्हा येतो. डांबरी रस्ता संपून सिमेंटचा लागला आणि आवाज पालटला, तर दोष टायरचा. गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये इंजिन तेवढेच पळवल्यावरही तो आला, तर डिफरन्शियल निर्दोष. एकाच वेगात तिसऱ्या गिअरमध्ये एक आवाज आणि चौथ्यात दुसरा, तर गिअरबॉक्सकडे पाहा. मोकळ्या रस्त्यावर गाडी किंचित डावी-उजवी वळवताना गुरगुर कमीजास्त झाली, तर चाकाचे बेअरिंग. फक्त वळणावर खटखट होत असेल, तर डिफरन्शियलच्या पोटातली लहान चाके झिजली असावीत.

उरला तो खरा सूर. त्याची परीक्षा धुळ्याजवळच्या लळिंग घाटात छान होते. चढावर अॅक्सिलरेटर दाबला की सूर चढतो आणि उतारावर पाय उचलला की थांबतो (किंवा अगदी याच्या उलट), तर क्राऊन-पिनियनच्या दातांची जुळणी बिघडली आहे. दाबा किंवा सोडा, खोल घरघर चालूच राहते, तर पिनियनचे बेअरिंग संशयित. ही परीक्षा घेताना गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये मात्र सोडू नये.

मग लगेच खर्चात पडावे काय? नुसता सूर असेल, वर्षभर तसाच असेल, तेल पुरेसे असेल आणि गळत नसेल, तर खुशाल त्याच्यासह संसार करावा. अशा गाड्या पुढे हजारो किलोमीटर धावतात. जळगावच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा तेल पातळ होऊन सूर थोडा वाढतो. त्याने घाबरू नये. उलट, झिजलेली जोडी उगाच कसायला घेतली, तर दातांची बसलेली घडी मोडते आणि आवाज दुप्पट होतो. बदलायचीच वेळ आली, तर क्राऊन आणि पिनियन दोन्ही एकदम बदलावीत. कारखान्यातच त्यांची जोडी लावलेली असते. एक जुने, एक नवे असा विवाह टिकत नाही.

मात्र सुराची घरघर झाली, घरघरीची खरखर झाली, तेलात लोखंडाचा चुरा दिसला, किंवा पाणी शिरून तेल दुधासारखे झाले, तर एक दिवसही थांबू नका. पिनियन जाम झाले, की धावत्या गाडीची मागची चाके जागीच आवळली जातात. समोरून ट्रक येत असताना हे झाले, तर काय होईल ते सांगायला नको.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक सावधगिरी बाळगावी. डिफरन्शियलमध्ये लाकडाचा भुसा किंवा केळीच्या साली कोंबून विक्रीपुरता आवाज दाबायच्या युक्तीच्या गोष्टी परदेशात जुन्या काळापासून सांगतात. रावेर-यावलच्या केळीबागांच्या मुलखात सालींना काय तोटा! तेव्हा संशयास्पद शांत असलेल्या जुन्या गाडीचे तेल एकदा काढून पाहिलेले बरे.

भाऊबीजेला बहिणीकडे निघण्यापूर्वी मिस्त्रीकडून डब्याचा बूच काढवून घ्या. गाडी सपाट जागी असताना बोट आत घातल्यावर भोकाच्या काठाशी तेल लागले पाहिजे. ते कमी असेल, तर गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच भरा. इंजिनाचे तेल तिथे चालत नाही. आणि वाटेत आजीबाई म्हणाल्या, "अरे, आज आवाज निराळा येतोय," तर हसण्यावारी नेऊ नका. रेडिओ बंद करा आणि ऐका.