ट्रेमधली आर्टरी गेली कुठं? हॉस्पिटलच्या उपकरणांवर कॅमेऱ्याचा डोळा



स्टॉक मोजण्याबद्दल बोलताना मी नेहमी किराणा आणि हार्डवेअरच्या दुकानाचे दाखले देतो. आज ऑपरेशन थिएटरचा घेऊ. दुकानात एक नग कमी भरला तर नुकसान होतं. ओटीमध्ये कमी भरला तर पहिला प्रश्न असतो, पेशंटच्या पोटात तर नाही ना राहिला?

काही वर्षांपूर्वी एका छोट्या हॉस्पिटलात स्टाफच्या ट्रेनिंगला गेलो होतो. त्या दिवशी सेटमध्ये एक आर्टरी कमी भरली. आर्टरी म्हणजे रक्तवाहिनी दाबून धरायचा चिमटा, दिसायला कात्रीसारखा. एक्स-रे काढला, पोटात काही नाही. शेवटी सापडली कुठं, तर धुवायला गेलेल्या चादरींच्या गाठोड्यात. तोवर सिस्टरच्या पगारातून पैसे कापायचं ठरूनही गेलं होतं!

आता म्हणाल, सिस्टर नीट मोजत नाहीत का? मोजतात हो. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये आणलेल्या सर्जिकल चेकलिस्टमध्ये शेवटच्या टप्प्यात उपकरणं, स्पंज आणि सुया यांची मोजणी आहेच. पण 2003 साली अमेरिकेत डॉ. अतुल गावंडे आणि सहकाऱ्यांनी शरीरात वस्तू राहिलेल्या 54 पेशंटचा अभ्यास छापला. जिथं मोजणी झाली होती, त्यातल्या 88 टक्के केसेसमध्ये ‘काऊंट बरोबर’ असंच वाटलं होतं. म्हणजे आळस हे कारण नाही. इमर्जन्सी असते, ऐन वेळी ऑपरेशनचा बेत बदलतो, आणि दमलेला माणूस मोजत असतो.

इथं कॉम्प्युटर व्हिजन येतं. वरून एक कॅमेरा, खाली ट्रे. सॉफ्टवेअरला आधी प्रत्येक उपकरणाचे ढीगभर फोटो दाखवायचे. प्रत्येक फोटोत चौकट आखून सांगायचं, ही आर्टरी, हा नीडल होल्डर, ही कात्री. मग ते नवीन फोटोत स्वतः ओळखतं आणि यादीशी ताडून पाहतं. कल्पना एवढीच.

अडचण आहे स्टीलमध्ये. ते चमकतं, ओटीचा दिवा त्यात परावर्तित होतो, आणि कॅमेऱ्याला कडाच दिसत नाहीत. उपकरणं एकमेकांवर पडलेली असतात, रक्ताने माखलेली असतात. आणि आर्टरी व नीडल होल्डर बंद स्थितीत ठेवा, नवख्या माणसाचीही फसगत होते. फरक मुख्यतः टोकाच्या जबड्यात असतो. म्हणून माझं मत, छोट्या हॉस्पिटलने सुरुवात ऑपरेशनच्या टेबलावर करूच नये. सीएसएसडीच्या पॅकिंग टेबलावर करावी, म्हणजे जिथं उपकरणं धुऊन, वाळवून ऑटोक्लेव्हसाठी सेट बांधतात तिथं. उजेड ठरलेला, खाली बिनचमकीची गडद मॅट, उपकरणं स्वच्छ आणि सुटी मांडलेली. सेट जाताना एक फोटो, परत आल्यावर एक फोटो. कुठल्या टप्प्यावर नग गेला हे तरी कळेल, आणि उगाच कुणाचा पगार कापला जाणार नाही.

आता विकणाऱ्याकडे वळू. तो छातीठोकपणे सांगेल, ‘सर, 98 टक्के अ‍ॅक्युरसी!’ लगेच खूश होऊ नका, कॅल्क्युलेटर काढा. सेटमध्ये 60 उपकरणं आहेत आणि प्रत्येकावर 98 टक्के बरोबर. चुका एकमेकांपासून स्वतंत्र धरल्या, तर पूर्ण सेट बिनचूक येण्याची शक्यता 0.98 चा 60 वा घात, म्हणजे जेमतेम 30 टक्के! दहातले सात सेट कुठं ना कुठं चुकणार. 99.9 टक्के असेल तेव्हा कुठं पूर्ण सेटसाठी 94 टक्क्यांपर्यंत जातं. म्हणून विचारायचं, ‘नगाची नको, पूर्ण ट्रेची अ‍ॅक्युरसी सांगा. आणि आमच्याच ट्रेवर दाखवा.’ दुसरं विचारायचं, एखादं उपकरण नसताना ‘आहे’ असं किती वेळा म्हणतं? खोटा अलार्म त्रासाचा असतो, पण खोटा होकार जीवघेणा. (डेमोच्या टेबलावर सगळं चालतं, हे आपल्याला वॉशिंग मशीन विकत घेतानाच कळलेलं असतं.)

वजनकाटा जोडला तर एक स्वस्त दुसरी तपासणी मिळते. मोजणी 60 आणि वजन कमी, तर थांबा. उपकरणावर लेसरने कोड कोरणं किंवा आरएफआयडी टॅग लावणं हेही पर्याय आहेत. त्यात ओळख पक्की होते, पण प्रत्येक नगावर खर्च येतो आणि टॅगला ऑटोक्लेव्हची उष्णता सोसावी लागते.

तुमच्यापैकी कुणी सॉफ्टवेअर बनवायच्या विचारात असेल, तर एक गोष्ट आधीच बघा. भारतात 1 एप्रिल 2020 पासून मेडिकल डिव्हाइसच्या व्याख्येत सॉफ्टवेअरही येतं. तुमचं प्रॉडक्ट नुसतं स्टॉकचं रजिस्टर आहे की पेशंटच्या सुरक्षेचा दावा करतं, यावर लायसन्सचा प्रश्न ठरू शकतो. ब्रोशर छापण्याआधी जाणकाराला विचारा. आणि कॅमेऱ्याची चौकट ट्रेपुरतीच ठेवा, पेशंट त्यात यायला नको.

हो, कॅमेरा बसवला तरी सिस्टरची तोंडी मोजणी बंद करायची नाही. दोन्ही जुळलं नाही तर सिस्टरचा आकडा धरून शोध सुरू करायचा, स्क्रीनवर हिरवा दिवा असला तरी.