घाटघरचं सहा तासांचं पाणी

अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटघरपाशी सह्याद्रीचा कडा एकदम तुटतो. कड्यावर प्रवरेचं पाणी अडवलेलं, तर खाली शहापूर तालुक्यात चोंढ्याजवळ दुसरा तलाव. दोहोंमध्ये सुमारे 400 मीटरची उंची. रात्री विजेची मागणी उतरली की खालचं पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी लोड वाढला की तेच खाली सोडायचं, हे या उदंचन प्रकल्पाचं काम. डोंगराच्या पोटातल्या वीजगृहात 125 मेगावॅटचे दोन संच आहेत. सुलटे फिरले की टर्बाइन, उलटे फिरले की पंप. महानिर्मितीचं हे केंद्र 2008 पासून चालू आहे.

हजार लिटर पाणी एवढ्या उंचीवरून उतरलं की जेमतेम एक युनिट वीज मिळते. ते वर चढवायला त्याहून जास्त लागते. वरचा तलाव काठोकाठ असला तरी पूर्ण भाराने संच चालतात सुमारे सहा तास.

अकोले तालुक्याच्याच जिल्ह्यात सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर आणि खांडक्याला पवनचक्क्या आहेत. वारा आणि पाणी दोन्ही इथलेच, मग एकाने दुसऱ्याला सांभाळावं असं सहज वाटतं. पण पाती जोरात फिरतात ती जून ते ऑगस्टमध्ये, आणि प्रवरेवरचं भंडारदरा धरण भरतं तेही तेव्हाच. धरण भरलं की पाणी सोडावंच लागतं. अशा वेळी वारा आहे म्हणून तिथली टर्बाइन थांबवली तर ते पाणी वीज न देताच वाहून जाणार.

पुढे भंडारदऱ्याचं 11 टीएमसी पाणी शेतीच्या आवर्तनाने सुटतं. ते कधी सोडायचं हे पिकं ठरवतात, ग्रिड नव्हे. आणि ते योग्यच आहे. लाभक्षेत्रातल्या उभ्या पिकाला वाऱ्याची वाट पाहायला सांगता येणार नाही. डेन्मार्कच्या वाऱ्याला नॉर्वेची धरणं आधार देतात, कारण ती मुख्यतः विजेसाठीच बांधलेली आहेत. आपल्याकडे 1,956 मेगावॅटच्या कोयनेलाही पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर पाणीवाटप लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे.

म्हणून धरणांचे मेगावॅट पवनविजेचा राखीव साठा म्हणून मोजणं मला धोक्याचं वाटतं. घाटघरसारखे प्रकल्प आणखी हवेतच, पण ते संध्याकाळ निभावतात, ऋतू नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वारा दिवसचे दिवस पडलेला असतो, तेव्हा घाटघरचं पाणी वर चढवायलाही बहुतेक कोळशाचीच वीज लागते.