साखळी-उपाहारगृहातील सेवकाचे बोलणे

वाक्य ज्याच्या मुखातून निघते त्याचेच ते असते. त्यातील अभिप्राय त्याचा, आणि त्याची जबाबदारीही त्याचीच, असे गृहीत धरून संभाषणाचा विचार बहुधा केला जातो. एकाच नावाने व एकाच नियमपुस्तिकेनुसार शेकडो ठिकाणी चालणाऱ्या उपाहारगृहात हे गृहीत टिकत नाही. तेथे पदार्थ किती वेळ तळावयाचा हे जसे ठरलेले असते, तसेच ग्राहकाशी काय बोलावयाचे हेही ठरलेले असते.

या व्यवस्थेचा उगम सर्वविदित आहे. मॅक्डोनल्ड बंधूंनी १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथील आपल्या उपाहारगृहात पदार्थ मोजके केले, गाडीपाशी जाऊन वाढणारे सेवक बंद केले आणि स्वयंपाकाची विभागणी लहान लहान कृतींत केली. १९५५ पासून रे क्रॉक यांनी तिचा विस्तार केला, आणि १९६१ मध्ये व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणासाठी 'हॅम्बर्गर युनिव्हर्सिटी' निघाली. हाताच्या हालचालींना लावलेले हे मापन जिभेलाही लागू झाले, ही गोष्ट भाषाभ्यासकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची होय.

रॉबिन लाइडनर या समाजशास्त्रज्ञ महिलेने याच कंपनीच्या एका उपाहारगृहात खिडकीपाशी स्वतः काम करून १९९३ मध्ये आपला अभ्यास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. खिडकीवरील सेवेच्या सहा पायऱ्या तीत दिल्या आहेत : ग्राहकाचे स्वागत करणे, मागणी घेणे, पदार्थ गोळा करणे, ते हाती देणे, पैसे घेणे, आणि आभार मानून पुन्हा येण्याचे निमंत्रण देणे. मागणी घेताना आणखी एखादा पदार्थ सुचवावा, अशीही अपेक्षा असे. शब्दयोजनेत काहीशी मोकळीक मिळे. परंतु संभाषणाचा आराखडा सेवकाचा नसे.

अर्व्हिंग गॉफमन यांनी १९८१ मध्ये 'वक्ता' या एका संकल्पनेची तीन भूमिकांत फोड केली : वाक्य उच्चारणारा, ते रचणारा, आणि त्यातील भूमिका ज्याची आहे तो. घरगुती बोलण्यात तिन्ही भूमिका बहुधा एकाच व्यक्तीकडे असतात. खिडकीवर त्या विभागल्या जातात. वाक्य रचले मुख्य कचेरीने, त्यातील आग्रह कंपनीचा, आणि सेवकाकडे उरला केवळ उच्चार. पदार्थ थंड निघाला, तर ग्राहकाचा राग मात्र या उच्चारणाऱ्यावरच निघतो. कारण समोर दुसरे कोणी नसते.

यावरून ठरीव बोलणे म्हणजे निव्वळ जाच, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा ठरेल. पाठ केलेले बोलणे सेवकाच्या हाती ढालीसारखेही असते, असे लाइडनर यांना आढळले. जे शब्द आपले नव्हेत त्यांना मिळालेले उर्मट उत्तरही आपल्याला नव्हे, असे तो मनाशी म्हणू शकतो. बुजऱ्या मुलाला अनोळखी माणसाशी काय बोलावे हा प्रश्नच पडत नाही. उलटपक्षी, मनापासून हसावे अशीही जेथे अपेक्षा असते तेथे ही ढाल गळून पडते. कारण शब्द परक्याचे म्हणून बाजूला ठेवता येतात, तसे हसू ठेवता येत नाही.

खिडकीच्या मागील बाजूस बोलण्याची रीत निराळी. तेथे आर्जव नाही. आज्ञार्थ, संख्या आणि पदार्थांची तोडलेली नावे यांवर सारे निभते. या आज्ञार्थाचा प्रश्न किती नाजूक असतो हे विल्यम व्हाइट यांनी शिकागोतील उपाहारगृहांच्या अभ्यासात (१९४८) दाखविले आहे. वाढणाऱ्या मुलींनी मोठ्याने मागण्या सांगाव्यात आणि त्यांच्याहून वरच्या दर्जाच्या समजल्या जाणाऱ्या पुरुषांनी त्या पाळाव्यात, यातून सतत खटके उडत. एके ठिकाणी मागणी कागदावर लिहून तो एका खिळ्यात अडकविण्याची पद्धत होती, आणि तेथे भांडणे कमी होती. मागणी तीच, परंतु आता ती कोणा मुलीची आज्ञा राहिली नव्हती. कागद आपल्या सोयीने उचलता येई. आज अनेक ठिकाणी खिळ्याची जागा पडद्याने घेतली आहे, आणि पडदा कोणाच्या सोयीची वाट पाहत नाही.

मराठीच्या संदर्भात आणखी एक अडचण उद्भवते. इंग्रजीतील ठरीव वाक्यात द्वितीयपुरुषी सर्वनाम एकच. मराठीत 'तू', 'तुम्ही' व 'आपण' यांतून निवड करावीच लागते. ती सेवकाच्या बाजूने आधीच झालेली असते. 'तू' त्याला वर्ज्य. ग्राहकावर असे बंधन नाही; चाळिशीच्या सेवकाला वीस वर्षांचा ग्राहक 'अरे' म्हणू शकतो आणि उत्तरादाखल 'आपल्याला आणखी काही हवे का?' ऐकू शकतो. इराणी व उडुपी उपाहारगृहांत 'ए पोऱ्या' ही हाक होतीच, आणि ती काही सन्मानाची नव्हती. परंतु तेथला पोऱ्या गल्ल्याकडे ग्राहकाच्या बिलाचा आकडा सर्वांदेखत ओरडत असे, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाची थट्टाही करू शके. साखळीतील सेवकाच्या नियमपुस्तिकेत थट्टेसाठी पायरी नाही.