नाव खेळाडूचे, सत्ता मालकाची
- क्रीडा प्रतिनिधी

टोरंटो मेपल लीफ्स हा कॅनडातील आइस हॉकीचा मातब्बर संघ. एकेकाळचे नामवंत खेळाडू ब्रेंडन शॅनहन यांनी २०१४ पासून त्याचे अध्यक्षपद सांभाळले. त्यांच्या अकरा वर्षांच्या कारकीर्दीत संघाला बाद फेरीतील केवळ दोन मालिका जिंकता आल्या आणि १९६७ नंतर हुलकावणी देणारा स्टॅन्ले चषक दूरच राहिला. अखेर मे २०२५ मध्ये त्यांच्या कराराला मुदतवाढ नाकारण्यात आली. त्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांत रॉजर्स या दूरसंचार कंपनीने संघाच्या मालक कंपनीतील आपला हिस्सा ७५ टक्क्यांवर नेला. एकाच उन्हाळ्यात खुर्चीवरचा माणूस गेला आणि मालकीचे पारडेही बदलले.

नॅशनल हॉकी लीग अर्थात एनएचएलच्या चाहत्यांना या दोन्ही घटना नव्या नाहीत. संघ विकला जाणार काय आणि संघाच्या कारभाराची सूत्रे जुन्या नायकाच्या हाती द्यावीत काय, हे दोन वाद तेथे वर्षानुवर्षे रंगत आले आहेत. हे वाद वरकरणी वेगळे भासतात. प्रत्यक्षात ते एकमेकांत गुंतलेले आहेत.

आपल्याकडेही माजी खेळाडूंनी कारभार पाहावा काय, हा प्रश्न अपरिचित नाही. सौरव गांगुली २०१९ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले, तर दिलीप तिर्की यांनी २०२२ मध्ये हॉकी इंडियाची धुरा स्वीकारली. मात्र ही संघटनेतील पदे होत. एनएचएलमध्ये संघ ही खासगी मालमत्ता असते आणि माजी खेळाडू हा मालकाने नेमलेला अधिकारी असतो. हा फरक ध्यानात घेतल्याशिवाय तेथील वादाचे मर्म उमगत नाही.

अफवांना खतपाणी कशाचे?

बहुतांश संघांचे हिशेब जनतेसमोर येत नाहीत. संघाची विक्री करायची तर लीगच्या नियामक मंडळातील तीन चतुर्थांश सदस्यांची संमती लागते आणि हे सदस्य म्हणजे अन्य संघमालकांचेच प्रतिनिधी. साहजिकच सारी बोलणी बंद दाराआड चालतात. चाहत्यांच्या हाती उरतात ते केवळ संकेत: स्टेडियमचा भाडेकरार संपत आला आहे, मालकाचा मूळ धंदा अडचणीत आहे, किंवा दुसऱ्या शहरातील एखादा धनाढ्य संघाच्या शोधात आहे.

या संकेतांची चिकित्सा ही रिकामटेकडी करमणूक नव्हे. १९९३ ते १९९७ या पाच वर्षांत चार संघांनी आपले शहर सोडले. मिनेसोटाचा संघ डॅलसला गेला, क्वेबेकचा डेन्व्हरला, विनिपेगचा फिनिक्सला आणि हार्टफर्डचा नॉर्थ कॅरोलिनाला. विनिपेगला पुन्हा एनएचएलचा संघ मिळण्यासाठी २०११ पर्यंत वाट पाहावी लागली. मालक बदलला की संघच हातचा जाऊ शकतो, ही भीती अनुभवातून आलेली आहे. अशा वेळी संघाचा जुना नायक कारभारात दिसला की चाहत्यांना हायसे वाटते. आपल्यापैकीच कोणी आत आहे, अशी त्यांची भावना होते. या विश्वासाचे मोल मालकांनाही पुरेपूर ठाऊक असते.

पिट्सबर्गचा तारणहार

या विश्वासाचे सर्वांत मोठे प्रतीक म्हणजे मारिओ लेम्यू. त्यांनी १९९१ आणि १९९२ मध्ये पिट्सबर्ग पेंग्विन्सला स्टॅन्ले चषक मिळवून दिला. १९९८ मध्ये हा संघ दिवाळखोरीत निघाला, तेव्हा लेम्यू यांच्या थकीत मानधनाची रक्कम तीन कोटी डॉलरहून अधिक होती. त्यांनी त्यातील मोठा हिस्सा भागभांडवलात परिवर्तित करण्याची योजना न्यायालयापुढे मांडली आणि १९९९ मध्ये ते संघाचे मालक झाले. डिसेंबर २००० मध्ये तर निवृत्तीतून बाहेर येऊन ते स्वतःच्याच संघाकडून पुन्हा बर्फावर उतरले.

संघाचे स्टेडियम मात्र जुनाट होते आणि नव्यासाठी पैसा नव्हता. २००६ मध्ये ब्लॅकबेरी बनविणाऱ्या कंपनीचे जिम बाल्सिली यांनी १७.५ कोटी डॉलरला संघ घेण्याचे ठरविले आणि डिसेंबरमध्ये माघार घेतली. त्याच महिन्यात, ज्या कॅसिनो परवान्याच्या उत्पन्नातून स्टेडियम उभे राहणार होते, तो परवाना दुसऱ्याच कंपनीला मिळाला. त्यानंतर लेम्यू आणि त्यांचे सहकारी कॅन्सस सिटीला जाऊन तेथील स्टेडियमची पाहणी करून आले. पिट्सबर्गच्या चाहत्यांचा धीर सुटण्याची वेळ आली. मार्च २००७ मध्ये स्थानिक प्रशासनाशी करार झाला आणि संघ शहरातच राहिला. स्थलांतराचा तो देखावा प्रशासनावर दबाव आणण्यासाठी होता, हे लेम्यू यांनी पुढे मान्य केले.

हा तपशील फार बोलका आहे. शहराचा लाडका नायकही मालक झाल्यावर मालकाचीच हत्यारे वापरतो आणि त्या हत्याराची धार चाहत्यांनाच सोसावी लागते. लेम्यू यांचे खरे शहाणपण अन्यत्र होते. खेळाडूंच्या निवडीचे काम त्यांनी क्रेग पॅट्रिक, पुढे रे शेरो आणि जिम रदरफोर्ड अशा मुरलेल्या व्यवस्थापकांवर सोपविले. २००९, २०१६ आणि २०१७ अशी तीन अजिंक्यपदे त्यांच्या मालकीच्या काळात आली. २०२१ अखेरीस फेनवे स्पोर्ट्स ग्रुपने संघाची नियंत्रक मालकी घेतली.

फिनिक्समधील मृगजळ

वेन ग्रेट्झ्की यांच्या वाट्याला नेमका उलट अनुभव आला. आइस हॉकीतील हे सर्वांत मोठे नाव २००१ मध्ये फिनिक्स कोयोटीजच्या मालकी गटात आले आणि २००५ मध्ये ते संघाचे प्रशिक्षकही झाले. वाळवंटातील शहरात हा खेळ रुजविण्यासाठी याहून मोठे आकर्षण कोणते असणार? परंतु त्यांच्या चार हंगामांत संघ एकदाही बाद फेरीत पोहोचला नाही आणि तोटा वाढतच गेला. मे २००९ मध्ये मालक जेरी मोयेस यांनी संघ दिवाळखोरीत काढला. बाल्सिली पुन्हा पुढे सरसावले. संघ कॅनडातील हॅमिल्टनला नेण्याच्या अटीवर त्यांनी २० कोटी डॉलरहून अधिक रकमेची तयारी दाखविली. न्यायालयाने त्यांना नकार दिला आणि संघ लीगनेच विकत घेतला. न्यायालयीन लढाई चालू असतानाच, सप्टेंबर २००९ मध्ये, ग्रेट्झ्की प्रशिक्षकपदावरून पायउतार झाले होते.

त्यानंतरही पंधरा वर्षे स्थलांतराच्या वावड्या उठत राहिल्या आणि २०२४ मध्ये संघाचे खेळाडू खरोखरच सॉल्ट लेक सिटीला गेले. ग्रेट्झ्की यांच्या नावाने प्रसिद्धी मिळाली, पण भक्कम भांडवल आणि सोयीचे स्टेडियम यांची जागा ते नाव घेऊ शकले नाही.

एडमंटनचे मित्रमंडळ

एडमंटन ऑयलर्सने १९८४ ते १९९० या काळात पाच स्टॅन्ले चषक जिंकले. १९९८ मध्ये हा संघही शहराबाहेर जाण्याच्या बेतात होता. स्थानिक गुंतवणूकदारांनी एकत्र येऊन तो वाचविला. त्या सुवर्णकाळातील केव्हिन लो २००० मध्ये जनरल मॅनेजर आणि क्रेग मॅकटॅविश प्रशिक्षक झाले. या जोडीने २००६ मध्ये संघाला अंतिम फेरीत नेले, हे नमूद केलेच पाहिजे.

त्यानंतर मात्र सलग दहा हंगाम संघ बाद फेरीपासून वंचित राहिला. २००८ मध्ये डॅरिल कॅट्झ मालक झाले. लो यांना बढती मिळाली आणि २०१३ मध्ये मॅकटॅविश जनरल मॅनेजर म्हणून परतले. २०१० ते २०१२ अशी सलग तीन वर्षे नवोदित खेळाडूंच्या निवडीत पहिला क्रमांक मिळूनही संघ उभा राहिला नाही. जुन्या पराक्रमाची पुण्याई किती काळ पुरवायची, असा संतप्त सवाल चाहते विचारू लागले. २०१५ मध्ये बाहेरच्या व्यवस्थापकाकडे सूत्रे देण्यात आली. माजी खेळाडू नेमणे ही येथे चूक नव्हती. अपयशानंतरही त्याच वर्तुळातून माणसे निवडली गेली आणि त्यांना जाब विचारणारा कोणी उरला नाही, हे खरे दुखणे होते.

उमेदवारी आणि संयम

स्टीव्ह आयझरमन यांचा मार्ग निराळा होता. डेट्रॉइटचे हे कर्णधार २००६ मध्ये निवृत्त झाल्यावर थेट मोठ्या खुर्चीवर बसले नाहीत. जनरल मॅनेजर केन हॉलंड यांच्या हाताखाली त्यांनी चार वर्षे उमेदवारी केली. २०१० मध्ये टॅम्पा बे लाइटनिंग जेफ व्हिनिक यांनी विकत घेतला. त्याआधीच्या दोन मालकांतील बेबनाव मिटविण्यासाठी लीगला मध्यस्थी करावी लागली होती. व्हिनिक यांनी आयझरमन यांना पाचारण केले आणि काम करायला वेळ दिला. निकिता कुचेरोव्ह याची निवड ५८ व्या क्रमांकावर, ब्रेडन पॉइंट याची ७९ व्या, तर ऑन्द्रेय पालाट याची थेट २०८ व्या क्रमांकावर झाली. आयझरमन २०१८ मध्ये पदावरून दूर झाले. मात्र २०२० आणि २०२१ मध्ये अजिंक्यपद पटकाविणारा संघ मुख्यत्वे त्यांनीच बांधलेला होता.

कोलोरॅडोत जो सॅकिक यांची कसोटी याहून कठोर होती. २०१६-१७ च्या हंगामात ८२ सामन्यांत केवळ २२ विजय आणि ४८ गुण, अशी संघाची दारुण अवस्था झाली. सॅकिक यांना हटवा, अशी मागणी जोर धरू लागली. क्रोएन्के कुटुंबाने मात्र त्यांना आणि प्रशिक्षक जेरेड बेडनर यांनाही कायम ठेवले. संघ सोडण्यास उत्सुक असलेला मॅट डुशेन याला मिळेल त्या मोबदल्यात देऊन टाकण्याऐवजी सॅकिक अनेक महिने थांबले आणि मनाजोगा सौदा पदरात पाडून घेतला. २०२२ मध्ये कोलोरॅडोने अंतिम फेरीत टॅम्पा बेलाच नमवून चषक जिंकला.

चाहत्यांनी विचारावे असे प्रश्न

२००४-०५ चा संपूर्ण हंगाम मालक आणि खेळाडू यांच्या संघर्षापायी रद्द झाला. त्यातून आलेल्या वेतनमर्यादेने या वादाला नवे परिमाण दिले. २००५-०६ मध्ये संघाला खेळाडूंवर ३.९ कोटी डॉलरपर्यंत खर्च करता येत असे. २०२५-२६ मध्ये ही मर्यादा ९.५५ कोटी डॉलर झाली. मालक कितीही श्रीमंत असला तरी त्याला या मर्यादेपलीकडे जाऊन तारे विकत घेता येत नाहीत. म्हणूनच निर्णय घेणाऱ्याची पारख मोलाची ठरते. मात्र खेळाडूंचा शोध घेणारी यंत्रणा, प्रशिक्षण आणि व्यवस्थापन यांवरील खर्चाला अशी मर्यादा नाही. तेथे मालकाची नियत उघड होते.

त्यामुळे एखाद्या जुन्या नायकाची नियुक्ती जाहीर झाली की टाळ्या वाजविण्यापूर्वी चाहत्यांनी काही गोष्टी तपासायला हव्यात. त्याने कोणाच्या हाताखाली काम शिकले आहे? खेळाडूंच्या निवडीत अंतिम शब्द त्याचा की मालकाचा? स्टेडियमचा करार किती वर्षांचा आहे? दोन वाईट हंगामांनंतर मालक त्याच्या पाठीशी राहील काय आणि पाच वाईट हंगामांनंतर त्याला जाब विचारील काय?

या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली तरी यशाची हमी नसतेच. आयझरमन यांनाच पाहा. २०१९ मध्ये ते जनरल मॅनेजर म्हणून आपल्या डेट्रॉइटला परतले, तेव्हा शहराने त्यांचे उत्साहात स्वागत केले. अनुभव होता, अधिकार होता आणि नावाचे वलयही होते. तरीही २०२५ पर्यंतच्या सहाही हंगामांत संघाला बाद फेरी गाठता आली नाही.