वाचलं, समजलं, आठवेना

जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अजिंठ्याचे डोंगर सुरू होण्याच्या जरा अलीकडे, वाघूरकाठी पहूर लागतं. जामनेर तालुक्यातल्या बाकीच्या गावांसारखंच इथलंही दहावीचं वर्ष शेतीच्या वेळापत्रकात अडकलेलं असतं. दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचणीला माणूस मिळत नाही, म्हणून घरची पोरं शेतात. पुढे हरभऱ्याला पाणी द्यायचं आणि वीज येणार रात्रपाळीची. जानेवारीत पूर्वपरीक्षा होते न होते तोच फेब्रुवारीच्या उत्तरार्धात बोर्डाची परीक्षा दारात. ‘अभ्यासाला सलग वेळच मिळत नाही,’ अशी तक्रार इथली मुलं करतात, आणि वेळ मिळत नाही हे खरंच आहे. तो सलगच मिळायला हवा, हे मात्र खरं नाही.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने हे फार पूर्वी तपासलं होतं, तेही स्वतःवरच. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या तो पाठ करायचा, मध्ये वेळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा पाठ करायला किती श्रम पडतात ते मोजायचा. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकातला विस्मरणाचा आलेख सगळीकडे छापला जातो. पाठ केलेल्यापैकी निम्म्याहून अधिक तासाभरातच निसटतं, नंतर मात्र गळतीचा वेग मंदावतो. त्याच पुस्तकातल्या दुसऱ्या निष्कर्षाची चर्चा तुलनेने कमी होते. एका बैठकीत ६८ वेळा घोकून जे साधलं, तेच तीन दिवसांत विभागून अवघ्या ३८ वेळांत साधलं. जवळजवळ निम्मे कष्ट वाचले. वेचणीहून आल्यावर मिळालेला अर्धा तास आणि सकाळी शाळेआधीची वीस मिनिटं म्हणजे नाइलाजाने केलेली तडजोड नव्हे. धडा तोच ठेवून असे तुकडे पाडले, तर रविवारी चार तास ठाण मांडून बसण्यापेक्षा शिकलेलं जास्त टिकतं.

अंतर किती ठेवायचं, हेही पुढे तपासलं गेलं. परीक्षा जितकी लांब, तितकं दोन उजळण्यांमधलं अंतर मोठं ठेवलेलं बरं. ढोबळ हिशेब असा, की दोन महिन्यांनी परीक्षा असेल तर आठ-दहा दिवसांनी धडा पुन्हा काढावा, आठवड्यावर असेल तर एखाद्या दिवसाआड. तोवर थोडं विसरायला झालेलं असतं, आणि ते तसं व्हायलाच हवं. ही गोष्ट मुलांच्या गळी उतरवणं सर्वांत अवघड, कारण विसरलं की त्यांना वाटतं, पहिली मेहनत फुकट गेली.

पण धडा पुन्हा काढायचा म्हणजे काय करायचं? बहुतेकांच्या लेखी याचा अर्थ पुन्हा वाचायचा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या १७७ विद्यार्थ्यांना ते अभ्यास कसा करतात, असं विचारलं गेलं. वह्या-पुस्तकं पुन्हा वाचतो, असं ८४ टक्क्यांनी सांगितलं. पुस्तक मिटून आठवून पाहतो, असं सांगणारे जेमतेम ११ टक्के निघाले. आपल्याकडे वेगळं काही चालत असेल असं वाटत नाही. आपल्याकडे फार तर गाइडच्या ओळींवर पिवळी-गुलाबी शाई फिरते आणि पान रंगलं की धडा झाला असं मानलं जातं.

त्याच विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी केलेला, २००६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग दहावीच्या प्रत्येक वर्गात सांगावा असा आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि मग तीन वेळा, उतारा समोर नसताना, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१. खरी गंमत पुढे आहे. ‘आठवड्यानंतर तुम्हाला किती आठवेल?’ असं आधीच विचारलं होतं, तेव्हा सगळ्यांत जास्त खात्री चार वेळा वाचणाऱ्यांनाच होती.

परीक्षेनंतर ‘सगळं येत होतं, ऐन वेळी आठवलं नाही’ म्हणणारं पोर खोटं बोलत नसतं. तिसऱ्यांदा वाचताना वाक्यं ओळखीची झालेली असतात, डोळा भराभर पुढे सरकतो आणि मेंदू त्या सहजतेलाच ज्ञान समजून बसतो. ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. दंगलीत काठावर बसून प्रत्येक डाव ओळखता येतो, म्हणून कोणी कुस्ती मारत नाही. प्रश्नपत्रिकेत उत्तर ओळखायला नव्हे, रिकाम्या कागदावर उभं करायला सांगतात. त्याचा सराव वाचनाने होत नाही.

आपल्या घरांत पूर्वी आठवून म्हणण्याचा हा सराव होत होता. दिवेलागणीला शुभंकरोती झालं की परवचा व्हायचा. पाढे, पावकी, निमकी, दिडकी, तिथी, नक्षत्रं, सगळं तोंडी, पुस्तकाविना, रोज. चुकलं की ओसरीवरून आजोबा दुरुस्त करायचे. आठवून म्हणणं, दिवसांवर विभागणं आणि चूक तिथल्या तिथे सुधारणं, या आज प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या तिन्ही गोष्टी त्यात होत्या. आपण त्याची ‘घोकंपट्टी’ म्हणून थट्टा केली. त्यात अर्थाकडे दुर्लक्ष व्हायचं, हे खरं. पण पद्धतही आशयाबरोबर अडगळीत टाकली, हा तोटाच म्हणायचा.

ती पद्धत अर्थासाठीही वापरता येते. ‘प्रकाशाचे अपवर्तन’ वाचून झाल्यावर पुस्तक मिटायचं आणि पाण्यात उभी काठी वाकडी का दिसते, ते घरातल्या कोणाला तरी समजावून सांगायचं. जामनेरकडच्या घरात तावडी बोलीत सांगावं. पुस्तकी वाक्यांचा आधार सुटला की आपल्याला नेमकं कुठे कळलेलं नाही, ते लगेच उघडं पडतं. मग पुस्तक उघडून तेवढंच बघायचं. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रश्नाची याहून चांगली तयारी मला माहीत नाही. ऐकणाऱ्या आईला विज्ञान यायची गरज नाही. ‘असं का?’ एवढं तिने विचारलं तरी भागतं.

गणितात आणखी एक खोच आहे. पुस्तकातला सरावसंच एकाच जातीच्या उदाहरणांचा असतो. वर्गसमीकरणं सूत्राने सोडवायची म्हटल्यावर दहाही सूत्रानेच. पाचव्या उदाहरणापासून हात आपोआप चालतो आणि मुलगा खूश होतो. फ्लोरिडातल्या डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ साली नेमकं हेच तपासलं. घनाकृतींच्या घनफळाची उदाहरणं एका गटाला प्रकारवार दिली, दुसऱ्याला सरमिसळ. सरावाच्या वेळी प्रकारवार सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर, सरमिसळवाल्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली, तर प्रकारवारवाले २० टक्क्यांवर आणि सरमिसळवाले ६३ वर. उदाहरण सोडवता येणं आणि ते कोणत्या जातीचं आहे हे ओळखता येणं ही दोन कौशल्यं आहेत, आणि दुसऱ्याचा सराव सरावसंचात होतच नाही. अंकगणिती श्रेढी, संभाव्यता आणि दोन चलांतली समीकरणं यांतली दोन-दोन उदाहरणं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकावीत आणि हाताला येईल ती सोडवावी. जीव मेटाकुटीला येतो, पण तो येण्यासाठीच हा खटाटोप.

झोपेबद्दल घराघरांत दोन पंथ आहेत. आजोबा म्हणतात पहाटे चारला उठ, मुलगा म्हणतो मी रात्री जागतो. विज्ञान थोडं मुलाच्या बाजूने आहे : किशोरवयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा पाझरू लागतं. पण या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, आणि दिवसभरात शिकलेलं पक्कं करण्याचं काम मेंदू झोपेतच करतो. म्हणून परीक्षेआधीचं जागरण दोन्ही पंथांना वर्ज्य. (राज्य सरकारने २०२४ मध्ये शाळा सकाळी नऊनंतर भरवायला सांगितल्या, त्या चौथीपर्यंतच्या. ज्यांचं घड्याळ खरोखर उशिराचं, ती किशोरवयीन मुलं त्यातून सुटली.)

आणि मोबाइल. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. साडेआठच्या भोंग्यापर्यंत टीव्ही बंद, मोबाइल बाजूला, मोठ्यांचेसुद्धा. मला यात भोंग्यापेक्षा ‘मोठ्यांचेसुद्धा’ महत्त्वाचं वाटतं. घरात एकट्या पोराचा फोन काढून घेतला की त्याचं लक्ष बाकीच्यांच्या रीलच्या आवाजाकडे. दीड तास पहूरच्या एखाद्या गल्लीलाही ठरवता येईल, त्यासाठी भोंगा लागत नाही. अर्थात, तो वेळ पुस्तकाच्या पानावर नजर फिरवण्यात गेला तर वर सांगितलेलं सगळं पुन्हा लागू.

आता पूर्वपरीक्षा. तपासलेला पेपर हातात पडला की मुलं गुण बघतात, शेजाऱ्याचे गुण बघतात, एखादा गुण वाढवून मागतात आणि पेपर दप्तरात जातो. मानसशास्त्रात एक चमत्कारिक वाटणारा, पण पुन्हा पुन्हा दिसलेला परिणाम आहे : जे उत्तर आपण छातीठोकपणे चुकीचं दिलं, ते दुरुस्त करून मिळालं तर अंदाजाने चुकलेल्या उत्तरापेक्षा जास्त पक्कं बसतं. धक्का बसतो, लक्ष तिकडे वळतं. त्यामुळे जानेवारीत लोक नवा ‘अपेक्षित’ प्रश्नसंच विकत आणायला धावतात, तेव्हा दप्तरातला तो लाल शाईचा पेपर आधी बाहेर काढावा. जिथे खात्री होती आणि चुकलं, त्या प्रश्नांवर खूण करावी आणि आठ दिवसांनी तेवढेच प्रश्न, उत्तरं न बघता, कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवावेत.